झाडपाल्याचा अर्क आणि बियांची उगवण: घरच्या घरी करायची पारख

‘निलगिरीखाली काही उगवत नाही.’ ‘कडुनिंबाच्या पाण्यात भिजवलं की बी जोमानं फुटतं.’ ‘शेवग्याचा रस म्हणजे रोपांचं टॉनिक.’ अशी वाक्यं कानावर आली की मी एकच विचारतो: शेजारी साध्या पाण्याची वाटी ठेवली होती का? बहुतेक वेळा नसते. पहिल्या खेपेला माझीही नव्हती. कडुनिंबाच्या पाल्याच्या फिकट पाण्यात मूग रात्रभर भिजवले, कुंडीत टोकले, आणि शेजारी कोरड्या टोकलेल्या मुगांच्या दीड दिवस आधी ते वर आले. आठवडाभर मी हे भेटेल त्याला सांगत सुटलो. मग एकानं शांतपणे विचारलं, ‘नुसत्या पाण्यात भिजवले असते तर?’ करून पाहिलं. तेही दीड दिवस आधीच वर आले. श्रेय पाण्याचं होतं, मी ते कडुनिंबाच्या खात्यावर लिहून बसलो होतो.

म्हणून या लेखात अर्काची पाककृती कमी आणि पारख जास्त आहे. अर्क कसा काढायचा, कोणत्या तीव्रतेला बियांचं काय होतं ते कसं पाहायचं, आकडे कसे मांडायचे, आणि वाटीत दिसलेलं मातीत उतरतं का, हे क्रमानं सांगतो. प्रयोगशाळा लागत नाही. ग्रॅममध्ये मोजणारा काटा, मोजपात्र, पट्टी, टिपकागद आणि आठ-दहा दिवस रोज पंधरा मिनिटं एवढं पुरतं.

झाड पाण्यात काय सोडतं

एका वनस्पतीनं सोडलेल्या रसायनांचा दुसरीवर जो परिणाम होतो, त्याला ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हे नाव हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९३७ साली दिलं. निरीक्षण मात्र फार जुनं. अक्रोडाची सावली इतर झाडांना बाधते, हे रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच लिहून ठेवलं आहे.

अक्रोडाची गंमत अशी की जिवंत पानात, मुळात असतं ते ‘हायड्रोजुग्लोन’ निरुपद्रवी. त्याला हवा लागली की ते ‘जुग्लोन’ होतं आणि मग टोमॅटोसारखी रोपं माना टाकतात. हे जुग्लोन पाण्यात फारच कमी विरघळतं. त्यामुळे अक्रोडाचा पाण्यातला अर्क सौम्य निघाला, तर अक्रोड निर्दोष ठरत नाही. जे पाण्यात उतरलंच नाही ते वाटीत दिसणार कसं?

सुबाभळीच्या पानांत आणि बियांत ‘मिमोसिन’ हे अमिनो आम्ल असतं. ते पेशींचं विभाजन अडवतं. घोड्यांनी सुबाभूळ जास्त खाल्ली तर आयाळ-शेपटीचे केस झडतात, तेही याच मिमोसिनमुळे. निलगिरीत सिनिओलसारखी उडून जाणारी तेलं असतात आणि जोडीला पाण्यात उतरणारी फिनॉलिक आम्लं (वनस्पतींत सापडणारा आम्लांचा एक गट). बाभळीच्या सालीत आणि शेंगांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. शेवग्याच्या पानांची कीर्ती मात्र उलट्या कारणासाठी आहे. त्यांत झिअ‍ॅटिन नावाचं वाढ चेतवणारं संजीवक मिळतं.

बॉटलब्रशची कथा मला फार आवडते. लाल बाटली-ब्रशासारखी फुलं येणाऱ्या या झाडाखाली तण फारसं येत नाही, हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. त्यातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य हाती लागलं आणि त्याच्या रचनेत फेरफार करत पुढे मक्यातलं मेसोट्रिओन हे तणनाशक तयार झालं. या गटातली द्रव्यं बियाण्याची उगवण अडवत नाहीत. बी फुटतं, रोप वर येतं आणि पानं पांढरीफटक पडतात. फक्त ‘किती उगवले’ एवढंच मोजणाऱ्याच्या हातून हा परिणाम पूर्ण निसटतो.

बी नेमकं कुठे अडखळतं

बी आधी स्पंजासारखं पाणी ओढतं. हा टप्पा निव्वळ भौतिक आहे, मेलेलं बीसुद्धा फुगतं. नंतर काही तास बाहेरून सामसूम असते, पण आत धावपळ चाललेली असते: श्वसन वाढतं, अमायलेजसारखी विकरं (एन्झाइम) तयार होतात, साठ्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. मग आदिमूळ, म्हणजे बीचं पहिलं मूळ, टरफल फोडून बाहेर येतं.

तीव्र अर्क यातल्या प्रत्येक टप्प्यावर पाय ओढू शकतो. विरघळलेले क्षार आणि शर्करा जास्त असतील तर बीला पाणीच नीट ओढता येत नाही. फिनॉलिक द्रव्यं विकरांच्या कामात आणि श्वसनात अडथळा आणतात. आणि यातून निभावून मूळ बाहेर आलंच, तर ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ अर्कात बुडालेलं असतं. त्यामुळे बहुतेक अर्कांचा घाव कोंबापेक्षा मुळावर आधी दिसतो. एक साधं भिंग घेऊन बघा: साध्या पाण्यातल्या मुळाचं टोक पांढरं, निमुळतं, आणि मागे केसमुळांची धुक्यासारखी लव. तीव्र अर्कातल्या मुळाचं टोक उगाळलेल्या चंदनाच्या रंगाचं, बोथट, आणि लव गायब. कधीकधी उगवणीचा आकडा दोन्हीकडे सारखाच असतो!

मात्रेचा मुद्दा इथेच येतो. एकच अर्क दाट असताना मूळ करपवतो, पातळ केल्यावर काहीच करत नाही आणि आणखी पातळ केला की क्वचित मूळ लांबवतोही. या उलटसुलट वागण्याला ‘हॉर्मेसिस’ म्हणतात. हा शब्दसुद्धा झाडाच्या अर्कावरूनच रूढ झाला. साउदॅम आणि अर्लिक या संशोधकांनी १९४३ मध्ये रेड सीडारच्या गाभ्याच्या लाकडाचा अर्क लाकूड कुजवणाऱ्या बुरशींवर वापरला. जास्त मात्रेनं बुरशी थांबली, अगदी थोड्या मात्रेनं उलट फोफावली. म्हणून एकाच तीव्रतेवर केलेल्या चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही. पायऱ्या हव्यात.

अर्क काढणं

पाला एकाच झाडाचा, एकाच दिवशी, एकाच वयाचा तोडा. कोवळी पालवी, जून पान आणि खाली पडलेला पाचोळा या तिघांचा अर्क वेगळा निघतो. तुमचा प्रश्न ‘झाडाखाली पीक का येत नाही’ असा असेल तर पडलेला पाचोळाच घ्या, कारण तिथल्या मातीत मुरतो तो तोच. फवारणीसाठी किंवा बियाणं भिजवण्यासाठी चाचणी असेल तर पुढे जो पाला वापरणार तोच घ्या.

पाला धुवा आणि सावलीत, वारा खेळेल असा पातळ पसरून, पान चुरलं की कुरकुरेपर्यंत वाळवा. उन्हात नको. ओव्हन वापरायचाच तर ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ओल्या पाल्याचा अर्क काढणारे पुष्कळ आहेत, पण पानातलं पाणी दर आठवड्याला बदलतं आणि मग १० ग्रॅम म्हणजे नक्की किती पान हे सांगता येत नाही. अपवाद निलगिरीसारख्या सुगंधी पानांचा. वाळवताना त्यांतलं तेल बरंच उडून जातं, म्हणून तिथे ओल्या पानांची वेगळी चाचणी करावी आणि वहीत ‘ओलं पान’ असं ठळक लिहावं.

वाळलेल्या पानांची भरड पूड करा. ४० ग्रॅम पूड ४०० मिलिलिटर पाण्यात घाला. हा झाला १० टक्के अर्क, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्याला १० ग्रॅम. पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) असेल तर उत्तम, नसेल तर कोणतंही कमी क्षारांचं. मात्र अर्काला, पातळ करायला आणि तुलनेच्या वाटीला पाणी एकच हवं. काचेच्या बरणीत, झाकून, अंधाऱ्या जागी २४ तास ठेवा. मधून दोन-तीनदा ढवळा.

उकळू नका. उकळल्यावर रंग छान येतो, पण पाऊस काही उकळत पडत नाही, आणि उष्णतेनं काही द्रव्यं मोडतात तर काही जास्त निघतात. अल्कोहोलचा अर्क तर नवशिक्यानं काढूच नये. पाण्यात न उतरणारी द्रव्यं त्यात येतात हे खरं, पण उरलेलं अल्कोहोलच बी मारतं आणि दोष झाडावर जातो.

चोवीस तासांनी मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. पिळायचं नाही, नुसतं गळू द्यायचं. नंतर गाळणकागदातून पुन्हा एकदा. पूड बरंच पाणी धरून ठेवते, त्यामुळे ४०० मधले सगळे हाती येणार नाहीत. अर्क फ्रिजमध्ये ठेवला तरी दोन-तीन दिवसांत संपवा. आंबूस वास आला, वर फेस धरला, की टाकून द्या. त्या घडीपासून तुम्ही झाडाचा नाही, जिवाणूंचा परिणाम मोजत असता.

पायऱ्या पाडणं

इथे घाई करू नये. १० टक्के अर्क १०० मिलिलिटर घ्या, त्यात १०० मिलिलिटर पाणी घाला: ५ टक्के. त्यातला १०० घ्या, पुन्हा १०० पाणी: अडीच टक्के. पुन्हा तसंच: सव्वा टक्का. आणि एक अगदी तळाची पायरी: सव्वा टक्क्याच्या अर्कातले १० मिलिलिटर घेऊन त्यात ९० मिलिलिटर पाणी, म्हणजे ०.१२५ टक्के. चेतना मिळालीच तर ती या खालच्या पायऱ्यांवर दिसण्याची शक्यता जास्त. सहावं भांडं साध्या पाण्याचं.

प्रत्येक बाटलीवर तीव्रता, झाड, भाग आणि तारीख लिहा. रंगावरून ओळखू येईल असं वाटतं, पण सव्वा आणि अडीच टक्क्यांचा रंग संध्याकाळच्या दिव्यात सारखाच दिसतो. हे मी अनुभवानं सांगतोय.

आम्लता मोजायची पट्टी असेल तर प्रत्येक पायरीची नोंद करा. क्षारता मोजणारं ईसी मीटर असेल तर आणखी चांगलं. दाट अर्क बहुधा आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही उतरलेले असतात. उगवण कमी होण्यामागे विषारी द्रव्य नसून नुसता खारटपणा असू शकतो.

बी आणि वाट्या

सुरुवातीला भराभर आणि एकसारखं उगवणारं बी घ्या. लेट्यूस, मुळा, मोहरी ही बारीक बियांची पिकं अर्काला चटकन प्रतिसाद देतात, म्हणून पहिल्या चाचणीला सोयीची. मका, हरभरा यांसारख्या टपोऱ्या बियांकडे साठा भरपूर, त्या दमदार असतात. पण शेवटी चाचणी त्याच पिकावर करायची जे तुम्ही पेरणार आहात, आणि शक्य झालं तर त्याच वाणावर. लेट्यूस दबलं म्हणून गहू दबेल असं नसतं.

रोपवाटिकेचं रंगीत, औषध लावलेलं बियाणं नको. फुटकी, सुरकुतलेली बियाणी वेचून काढा. बुरशीचा त्रास असेल तर १ टक्का तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (घरातलं ब्लीच, बाटलीवरची टक्केवारी पाहून पातळ केलेलं) दोन-तीन मिनिटं बुडवा आणि तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. हे सगळ्या बियाण्याला एकत्रच करायचं आणि मग वाटे पाडायचे.

एका वाटीत २५ बिया, प्रत्येक पायरीच्या चार वाट्या. म्हणजे सहा पायऱ्यांना २४ वाट्या आणि ६०० बिया. जास्त वाटतात? हिशेब पाहा. ज्या बियाण्याची खरी उगवण ९० टक्के आहे, त्याच्या नुसत्या २५ बियांवर तुमच्या आकड्यात सहजच ६ टक्के इकडे-तिकडे होतात. १०० बियांवर तो फरक ३ टक्क्यांवर येतो. बियाणं तपासणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ४०० बिया घेतात, त्याचं कारण हेच.

नऊ सेंटिमीटरच्या झाकणाच्या चपट्या डब्या घ्या, तळाला टिपकागदाचे दोन थर. बारीक बियांना ५ मिलिलिटर, मूग-गव्हाएवढ्या बियांना ८ ते १० मिलिलिटर द्रव. कागद ओला हवा, बी पोहायला लागलं तर जास्त झालं. बिया एकमेकींना टेकू देऊ नका, बुरशी तिथूनच पसरते.

पुढच्या दिवसांत कागद सुकेल. तेव्हा सगळ्या वाट्यांत साधं पाणीच घाला, अर्क नाही. उडून गेलंय ते पाणी. अर्कातली द्रव्यं कागदावरच आहेत. रोज अर्क घालत गेलात तर ५ टक्क्यांची वाटी चौथ्या दिवशी कितीची झाली हे कुणालाच सांगता येणार नाही.

वाट्या एकाच जागी, २० ते २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि रोज त्यांचा क्रम बदला. खिडकीकडची वाटी नेहमी ऊबदार असते. निलगिरीसारख्या सुगंधी अर्काच्या वाट्या मात्र वेगळ्या खोलीत, त्यांच्यासाठी साध्या पाण्याच्या वेगळ्या वाट्यांसह. त्यांची वाफ झाकणाखालून निसटते आणि तुलनेच्या बियांनाही लागते. पानांचा रंग पाहायचा असल्यानं मोड आल्यावर उजेड द्या.

मोजणी

आदिमूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की ‘उगवलं’ म्हणायचं, आणि ही व्याख्या शेवटपर्यंत बदलायची नाही. रोज ठरलेल्या वेळी मोजा. गव्हाची अंतिम मोजणी आठव्या दिवशी करतात, मूग, मका आणि लेट्यूसची सातव्या, कांद्याची बाराव्या, टोमॅटोची चौदाव्या. त्या दिवशी प्रत्येक वाटीतली दहा रोपं हाताला लागतील तशी उचला, निवडू नका, आणि मूळ व कोंब वेगवेगळे मोजा.

आता समजा गव्हाची चाचणी आहे. साध्या पाण्यात १०० पैकी ९२ उगवले: ८० दुसऱ्या दिवशी, १२ तिसऱ्या. अर्कात ९० उगवले: ४० दुसऱ्या दिवशी, ४० तिसऱ्या, १० चौथ्या. टक्केवारीपुरतं पाहिलं तर दोन्ही सारखेच.

पण सरासरी किती दिवस लागले ते काढा. प्रत्येक दिवशी उगवलेल्या बिया गुणिले तो दिवस, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण उगवलेल्या. साध्या पाण्यात १९६ भागिले ९२, म्हणजे २.१३ दिवस. अर्कात २४० भागिले ९०, म्हणजे २.६७. अर्ध्या दिवसाचा उशीर झाला. वाटीत तो क्षुल्लक वाटतो, पण शेतात वरचा थर सुकायच्या आत मूळ खाली जाणं हीच शर्यत असते.

आता लांबी. साध्या पाण्यात मूळ ६ सेंटिमीटर, कोंब ७. अर्कात मूळ साडेतीन, कोंब साडेसहा. उगवणीची टक्केवारी गुणिले रोपाची एकूण लांबी, याला जोम निर्देशांक म्हणतात. १९७३ पासून तो वापरात आहे. पहिल्याचा येतो ९२ गुणिले १३, म्हणजे ११९६. दुसऱ्याचा ९० गुणिले १०, म्हणजे ९००. जोम चौथा हिस्सा घटला. फक्त मुळाचं पाहायचं तर अर्कातली लांबी भागिले साध्या पाण्यातली, वजा १: उणे ०.४२. कोंबाचं तसंच काढलं तर उणे ०.०७. म्हणजे मार मुळालाच बसलाय. अर्कातला आकडा साध्या पाण्याहून मोठा आला, तर सूत्र उलटं: १ वजा (साध्या पाण्यातली लांबी भागिले अर्कातली). असं केलं की उत्तर नेहमी उणे १ आणि अधिक १ यांच्या मध्येच राहतं आणि वेगवेगळी झाडं एका तक्त्यात मांडता येतात.

हे सगळं प्रत्येक पायरीसाठी काढा. आकडे पायरीगणिक हळूहळू उतरत गेले तर परिणाम खरा धरायला हरकत नाही. मधलीच एखादी पायरी एकाएकी कोसळली आणि तिच्या खालची-वरची ठीक असेल, तर रसायनापेक्षा बुरशी, सांडलेलं पाणी किंवा उलटसुलट झालेल्या चिठ्ठ्या यांवर माझा संशय आधी जातो.

उगवलं नाही म्हणजे मेलं का?

ही चाचणी बहुतेक जण सोडून देतात, आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते. शेवटच्या दिवशी न उगवलेल्या बिया वेचा, वाहत्या पाण्याखाली धुवा, नव्या कागदावर साध्या पाण्यात ठेवा. तीन-चार दिवसांत फुटल्या, तर अर्कानं त्यांना फक्त थोपवून धरलं होतं. अशा झाडाचा पाचोळा एखाद्या चांगल्या पावसानं किंवा भरपूर ओलितानं निवळू शकतो. मऊ पडल्या, दाबल्यावर आतून गिळगिळीत निघाल्या, तर घाव कायमचा.

दुसरी पडताळणी कोळशाची. अर्काचे दोन भाग करा. एका भागात सक्रिय कोळशाची पूड (अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल) घालून तासभर ढवळा आणि गाळा. कोळसा सेंद्रिय द्रव्यं ओढून घेतो, विरघळलेले क्षार मात्र बहुतांश तसेच राहतात. कोळशातून काढलेल्या अर्कात उगवण सुधारली, तर दोष पानातल्या सेंद्रिय द्रव्यांचा. सुधारली नाही, तर क्षारांकडे पाहा.

वाटीतून मातीत

कागदावर दबणारं पीक मातीत खुशाल उगवतं, हे इतक्यांदा होतं की कागदावरच्या निकालावरून झाड तोडायला निघालेल्याला मी आधी खाली बसवतो. मातीतली चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब ही द्रव्यं धरून ठेवतात, सूक्ष्मजीव ती खाऊन टाकतात. झाडाखाली पीक न येण्याला सावली आणि मुळांनी ओढलेलं पाणी ही कारणंही असतात, आणि पुष्कळदा तीच मोठी असतात.

म्हणून कुंडीची चाचणी. एका गटात माती आणि नुसतं पाणी, दुसऱ्यात माती आणि कागदावर बाधलेल्या तीव्रतेचा अर्क, तिसऱ्यात मातीत मिसळलेली पानांची पूड, वजनाच्या एक-दोन टक्के. प्रत्येक गटाच्या किमान चार कुंड्या. तिसऱ्या गटात एक फसवणूक लपलेली असते: कच्चा पाला कुजताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. हे विष नव्हे, उपासमार आहे. ओळखायला चौथा गट करा, ज्यात तेवढाच भुसा किंवा गव्हाचं काड मिसळा. दोन्ही सारखी पिवळी पडली तर नत्राचा प्रश्न, आणि तो थोडं जास्त नत्र देऊन सुटतो.

वापर करायचा झाला तर

बियाणं भिजवायचं असेल तर तीन गट नेहमी ठेवा: कोरडं, साध्या पाण्यात भिजवलेलं, अर्कात भिजवलेलं. खरी तुलना दुसऱ्या आणि तिसऱ्याची. भिजवण्याचा वेळ पिकागणिक वेगळा: हरभरा, मूग साधारण ८ तास, गहू १२, मका १२ ते १८. मोड फुटायच्या आत बाहेर काढायचं, सावलीत पसरायचं. वरचं पाणी सुकून बी हाताला मोकळं लागलं की त्याच दिवशी पेरायचं. दोन दिवस ठेवायचं असेल तर मूळ वजनावर येईपर्यंत वाळवावं लागतं. द्विदल बियाण्याला जिवाणूखत लावणार असाल तर ते अर्कात कालवू नका. बुरशीला रोखणारी द्रव्यं जिवाणूंशी मैत्री करतीलच असं नाही.

शेवग्याच्या कोवळ्या पानांचा रस काढून तो सुमारे तीस पट पाण्यात पातळ करतात. हे प्रमाण बऱ्याच चाचण्यांत वापरलं गेलंय, सुरुवात तिथून करा. ‘जास्त घातलं तर जास्त गुण’ हा हिशेब इथे चालत नाही. कडुनिंबाच्या निंबोळ्यांचा ५ टक्के अर्क किडींसाठी वापरतात, पण तो उभ्या पिकाच्या पानांवर फवारायचा असतो. तेच प्रमाण बी भिजवायला उचलू नका, आधी वाटीत पाहा.

धुराचं पाणी हा याच घराण्यातला विलक्षण भाऊ. वणव्यानंतर कित्येक रानटी बिया एकदम का उगवतात, याचं एक उत्तर २००४ मध्ये मिळालं. जळत्या वनस्पतींच्या धुरात ‘कॅरिकिन’ गटातलं द्रव्य असतं आणि ते अत्यल्प मात्रेत बियांना जागं करतं. लाकडाचा कोळसा करताना धूर थंड होऊन जो आंबट द्रव मिळतो, तोही २०० ते १००० पट पातळ करूनच वापरतात. नुसता घातला तर तणनाशकासारखा वागतो.

हातमोजे घाला. रुई, कण्हेर, शेर यांसारख्या विषारी किंवा चिकाच्या झाडांचा अर्क घरात काढूच नका, चीक डोळ्यात गेला तर डोळा धोक्यात येतो. पूड करायला स्वयंपाकाचा मिक्सर वापरू नये, आणि अर्कातले उरलेले मूग, ते कितीही छान मोडावले असले तरी, खाऊ नयेत.

पाचोळ्याचं आच्छादन करणार असाल तर आणखी एक चाचणी लावून द्या. पाचोळा मिसळलेली ओली माती एका टबात भरून ठेवा, शेजारी बिनपाचोळ्याचा टब. दोन्हींत दर आठवड्याला २५ मुळ्याच्या बिया टाका, चार दिवसांनी उपटून मुळं मोजा, मातीला पाणी देत राहा. पहिल्या आठवड्यांत फरक दिसेल, मग तो कमी होत जाईल. लागोपाठ दोन आठवडे दोन्ही टबांतली मुळं सारखी भरली, की तो पाचोळा तुमच्या पिकाखाली घालायला तयार आहे. टबावर तारीख टाका आणि ते आठवडे वहीत लिहा, पुढच्या वर्षी आच्छादन किती आधी घालायचं ते तिथूनच ठरेल.